गॅसचा रेग्युलेटर आणि समुद्राचा रेग्युलेटर



चौथीला परिसर अभ्यासात हवा शिकवताना दरवर्षी एक प्रश्न येतोच. "मॅडम, माशाला पाण्यात श्वास घेता येतो, मग माणसाला का नाही?" दरवर्षी मी सांगते की माशाला कल्ले असतात, आपल्याला नसतात, आणि पुढच्या मुद्द्याकडे वळते. या वर्षी मात्र याच प्रश्नाने माझे दोन-तीन महिने खाल्ले. कारण या वेळी प्रश्न वर्गातून आला नव्हता, घरातून आला होता, आणि त्याला पन्नास हजार रुपये लागणार होते.

आधी घरचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

माझा धाकटा भाऊ मालवणला स्कूबा डायव्हिंगच्या बोटीवर काम करतो. श्रीरामपूरचं पोरगं आणि समुद्र! आमच्याकडे ऊस, कपाशी, कॅनॉल आणि विहिरी. समुद्र फार लांब. पण पोहण्यात हा पहिल्यापासून वेडा. वडिलांनी पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललं तेव्हा सात वर्षांचा होता, आणि चौथ्या दिवशी डबा सोडून पोहायला लागला. मोठा झाल्यावर आजूबाजूच्या वस्त्यांवर कुणाची मोटार विहिरीत पडली, फूटव्हॉल्व अडकला, की याला बोलावणं यायचं. छातीत हवा भरून बुडी मारायची, तळाशी दोर बांधायचा, वर यायचं. पाचशे-हजार मिळायचे. मित्रांबरोबर एकदा मालवणला सहलीला गेला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या जवळ पाण्याखाली जाऊन आला, आणि पुढच्या दिवाळीनंतर तिकडेच राहिला. आधी बोटीवर सिलिंडर उचलणे, मग हळूहळू शिक्षण. तारकर्लीला आपल्या पर्यटन महामंडळाचं स्कूबाचं प्रशिक्षण केंद्र आहे, बाहेरच्या संस्थांचे कोर्सही असतात. याने पायरीपायरीने कोर्स केले, आणि आता पर्यटकांना घेऊन खाली जाण्याच्या पायरीला आलाय.

या दिवाळीत तो घरी आला तेव्हा लाडू खाता खाता म्हणाला, "ताई, मला स्वतःचा रेग्युलेटर घ्यायचाय."

मला वाटलं गॅसचा. म्हटलं, "खोलीवर सिलिंडर घेतलंस का?"

तो हसून हसून लोळायचा बाकी. पण खरं सांगते, पुढे सगळं समजून घेतल्यावर माझी चूक फार मोठी नव्हती असंच मला वाटलं. ते पुढे येईलच.

भाड्याच्या सेटवर काम चालू असताना स्वतःचा कशाला, हे मी विचारलं. तो आधी म्हणाला, "दुसऱ्याच्या तोंडातलं आपल्या तोंडात घ्यायचं, बरं वाटत नाही." मग आई स्वयंपाकघरात गेल्यावर हळूच खरं सांगितलं. एका डायव्हच्या शेवटी, सिलिंडरमधली हवा कमी झाल्यावर, त्याला श्वास ओढायला जड जायला लागलं. "रस संपत आल्यावर आपण स्ट्रॉ ओढतो ना, तसं." घाबरला नाही, सोबत्याला खूण केली, नीट वर आला. पण त्या दिवसापासून रेग्युलेटर तोंडात धरताना त्याचं लक्ष समुद्रात राहिनासं झालं.

त्याच्यासमोर दोन पर्याय होते. एक जुना, कुणीतरी विकायला काढलेला, अठरा हजारांत. दुसरा नवा, सगळा सेट पन्नास हजारांच्या आसपास. बाकीचं सामान त्याने जमवलं होतं. पैसे माझ्याकडून हवे होते. मी म्हटलं, देईन, पण मला समजल्याशिवाय नाही. शिक्षिकेचा स्वभाव, दुसरं काय.

सुट्टी संपायच्या आत मी गावातल्या एका गॅस शेगडी दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे गेले. त्यांना म्हटलं, एखादा निकामी रेग्युलेटर मला खोलून दाखवा, वर्गात दाखवायचाय. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण खोलला. शिक्षकांनी हे एकदा तरी बघावं. आत एक काळा, पातळ रबरी पडदा. त्याच्या डोक्यावर स्प्रिंग. पडद्याच्या पोटाला एक छोटी दांडी, आणि दांडीच्या टोकाला गॅसचं तोंड बंद करणारं बूच. शेगडीकडे गॅस गेला की आतला दाब कमी होतो, स्प्रिंग पडद्याला खाली दाबते, दांडी हलते, बूच उघडतं, गॅस आत येतो. दाब पुरेसा झाला की पडदा वर ढकलला जातो आणि बूच बंद. शेगडी चालू असेपर्यंत हा खेळ अखंड चालू. सिलिंडरमध्ये हवेच्या कितीतरी पट दाब असतो, आणि शेगडीला मिळतो बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम तीन टक्के जास्त.

झाकणावर एक टाचणीएवढं भोक होतं. मी विचारलं हे कशाला. चाचा म्हणाले, "मॅडम, ये बंद हो गया तो पडदा हिलेगाच नहीं. बाहरकी हवा उसको मालूम पडनी चाहिए."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. कारण स्कूबाचा रेग्युलेटर म्हणजे हेच भोक, फक्त त्यातून हवेऐवजी समुद्र आत डोकावतो.

आता थोडा धडा. पाण्यात दर दहा मीटरला, म्हणजे साधारण तेहतीस फुटांना, दाब एका वातावरणाएवढा वाढतो. जमिनीवर एक, दहा मीटरवर दोन, वीसवर तीन. छातीवर बाहेरून दुप्पट दाब असताना साध्या दाबाची हवा ओढता येत नाही, फुप्फुसं फुगतच नाहीत. म्हणून सिनेमात दाखवतात तशी लांब पोकळ नळी तोंडात धरून खोल विहिरीच्या तळाशी बसता येत नाही. खाली असलेल्या माणसाला तिथल्या दाबाचीच हवा द्यावी लागते, आणि तो खालीवर होईल तशी ती क्षणाक्षणाला बदलावी लागते. सिलिंडरमध्ये साधारण दोनशे बार दाबाची हवा भरलेली असते. रेग्युलेटर हे काम दोन टप्प्यांत करतो. सिलिंडरवर बसतो तो पहिला टप्पा, तो दोनशेचे साधारण नऊ-दहा बार करतो, अधिक त्या खोलीचा दाब. तोंडात असतो तो दुसरा टप्पा, तो आपण श्वास ओढला की उघडतो आणि भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची हवा देतो. दुसऱ्या टप्प्यातही पडदा आणि दांडी. चाचांकडे बघितलेलीच.

आणि हे नातं मी ओढूनताणून जोडत नाहीये. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा मोटारी गॅसवर चालवायचा खटाटोप सुरू होता. त्यासाठी एमिल गान्याँ नावाच्या इंजिनिअरने एक रेग्युलेटर बनवला होता. जाक कुस्तो या नौदल अधिकाऱ्याला तो दिसला, आणि दोघांनी मिळून १९४३ मध्ये त्याचं पाण्याखालचं यंत्र केलं. पहिली चाचणी मार्न नदीत घेतली तर भलतंच झालं. आडवं पोहताना हवा नीट यायची, उभं राहिलं की भसाभस वाया जायची, आणि डोकं खाली केलं की येईनाशी व्हायची. कारण उच्छ्वास बाहेर पडायची जागा आणि आतला पडदा एका पातळीवर नव्हते. दोघांमधल्या काही इंचांच्या पाण्याचा फरक पडत होता! दोन्ही जवळ आणल्यावर यंत्र चाललं. त्याच्याही आधी, १८६० च्या दशकात, फ्रान्समध्येच रूकेरॉल आणि दनेरूझ या दोघांनी असं यंत्र केलं होतं. ज्यूल व्हर्नच्या कॅप्टन नेमोची माणसं समुद्राच्या तळावर चालतात ती त्याच यंत्राच्या भरवशावर. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला म्हणून आपल्यापैकी कितीतरी जणांना नेमो माहीत असेल. तो मूळचा बुंदेलखंडचा राजपुत्र निघतो, हे पुढच्या पुस्तकात कळतं. मुलांना हे सांगितलं की डोळे मोठे होतात, माझा अनुभव आहे.

असो. प्रश्न होता कोणता घ्यायचा.

धाकटा फोनवर शब्द टाकायचा आणि मी रात्री त्यांचे अर्थ लावत बसायचे. पिस्टन की डायफ्रॅम, बॅलन्स्ड की अनबॅलन्स्ड, योक की डीआयएन. मला पहिल्यांदा ते संस्कृतच्या पेपरासारखं वाटलं. मग मी प्रत्येक शब्दाला आपल्या शिवारातलं काहीतरी शोधायला लागले, आणि गाडी चालली.

बॅलन्स्ड-अनबॅलन्स्ड सगळ्यात आधी कळलं, कारण ते त्याच्या स्ट्रॉवाल्या गोष्टीशी जोडलेलं होतं. गच्चीवरची टाकी भरलेली असताना खालचा नळ धो धो येतो, टाकी रिकामी होत आली की करंगळीएवढी धार. साध्या अनबॅलन्स्ड पिस्टनमध्ये सिलिंडरचा दाबच बूच उघडायला मदत करत असतो. सिलिंडर उतरलं की ती मदत कमी होते, मधला दाब घसरतो, आणि श्वास जड होतो. खोल गेलं किंवा दमून जोरजोरात श्वास घेतला तर आणखी जाणवतं. बॅलन्स्डमध्ये रचनाच अशी असते की सिलिंडरचा दाब बुचाला दोन्ही बाजूंनी सारखा लागतो, म्हणजे तो हिशोबातून बाद होतो. भरलेलं असो की उतरलेलं, श्वास सारखा. ठिबकवाल्या शेतकऱ्यांना हे पटकन कळेल. साध्या ड्रिपरला नळीच्या सुरुवातीला जास्त पाणी, शेवटच्या झाडाला कमी. पीसी ड्रिपरमध्ये आत रबराचा छोटा पडदा असतो आणि सगळ्या झाडांना सारखं पाणी मिळतं. कुणी म्हणेल त्याच्या त्या दिवशीच्या त्रासाचं कारण फक्त एवढंच नसेल, सर्व्हिसिंग लांबलेलं असेल. असेलही. पण पर्यटकाचा हात धरून खाली असणाऱ्या माणसाचा श्वास शेवटच्या पाच मिनिटांत जड होऊन चालणार नाही. जुना अठरा हजारांचा होता तो अनबॅलन्स्डच निघाला. तो तिथेच बाद झाला, निदान माझ्या बाजूने.

योक आणि डीआयएन म्हणजे रेग्युलेटर सिलिंडरला जोडायच्या दोन पद्धती. योक म्हणजे एक कडी सिलिंडरच्या तोंडावरून अडकवायची आणि मागून स्क्रू आवळायचा. डीआयएन हे जर्मन मानक, त्यात रेग्युलेटर आट्यांनी थेट तोंडात फिरवून बसवायचा. डीआयएनमध्ये सीलची गोल रबरी रिंग आत बंदिस्त राहते, धक्का लागला तरी सहसा निसटत नाही, आणि तीनशे बारची सिलिंडरंही चालतात. योक २३२ बारपर्यंतच. कागदावर डीआयएन सरस. पण धाकट्याच्या बोटीवरची सगळी सिलिंडरं योकची. डीआयएनचा रेग्युलेटर योकच्या सिलिंडरला लावायला एक छोटा जोड मिळतो, म्हणजे अडत काहीच नाही. तरीपण रोज दिवसातून चार वेळा जोड लाव, काढ, हलत्या बोटीवर एखादे दिवशी तो पाण्यात पडायचा. मी म्हटलं, ज्या गावात राहायचं त्या गावचा प्लग घे. योक.

आता पिस्टन आणि डायफ्रॅम. इथे आमचं वाजलं.

पिस्टनमध्ये हलणारे भाग कमी. एक पोकळ दट्ट्या, एक स्प्रिंग, दोन-तीन रबरी रिंगा. जुन्या सायकलच्या पंपासारखं. बिघडायला फारसं काही नाही, सर्व्हिसिंग सोपं आणि स्वस्त, आणि चांगला बॅलन्स्ड पिस्टन हवाही भरपूर देतो. फक्त एक गोष्ट, त्यात बाहेरचं पाणी स्प्रिंगच्या कप्प्यात येतं आणि दट्ट्याला भिडतं. तसंच त्याला खोली कळते. म्हणजे पाण्यातलं मीठ, वाळू, जे असेल ते तिथे येणार. डायफ्रॅममध्ये पाणी रबरी पडद्याच्या बाहेर थांबतं, आतली यंत्रणा कोरडी आणि स्वच्छ. काहींना तर बाहेरून आणखी एक पडदा असतो, स्प्रिंगलाही पाणी लागत नाही. भाग जास्त, सर्व्हिसिंगला खर्च जास्त. पण अतिथंड पाण्यात आणि घाण पाण्यात डायफ्रॅम बरा.

मी माझा निकाल दिला, बॅलन्स्ड पिस्टन. कारण मालवणचं पाणी कोमट, बर्फाचा प्रश्नच नाही. तिथे डायव्हिंग चालतं ते पावसाळा सोडून, तेव्हा पाणी बऱ्यापैकी निवळलेलं. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुतलं की झालं. साधं यंत्र, कमी खर्च. आपल्या शाळेचा हातपंप बघा की, इतकी वर्षं चालतोय.

तो फोनवर ऐकत होता. मग म्हणाला, "ते ठीक आहे ताई. पण गाळात कुठला चालेल?"

मी म्हटलं, "गाळ कुठला? समुद्रात तर वाळू असते म्हणतोस."

तो गप्प.

वर्गात मूल गप्प झालं की त्याला काय येत नाहीये ते कळतं. हा गप्प झाला तेव्हा मला कळलं की त्याला काय येतंय. पावसाळ्यात डायव्हिंग बंद. चार महिने कमाई नाही. आणि आमच्या भागात विहिरीत पडलेल्या मोटारी काढायला माणूस मिळत नाही. छातीतल्या हवेवर पाचशे-हजार मिळत असतील तर सिलिंडर घेऊन अर्धा तास तळाशी थांबणाऱ्याला किती मिळतील? हिशोब सरळ होता. मालवणचं नाव पुढे करून तो विहिरीसाठी रेग्युलेटर निवडत होता.

इथे मामांचं सांगायला हवं. माझे मधले मामा विहिरीतला गाळ काढायला उतरले आणि परत आले नाहीत. वीस वर्षं होऊन गेली. बुडाले नाहीत, पाणी गुडघाभरच होतं. तळाशी खराब हवा साचली होती. आई त्या दिवसापासून कुठल्याही विहिरीच्या कठड्याला हात लावत नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या नेवासा तालुक्यात वाकडीला शेणाची स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत पडलेल्या मांजराला वाचवायला एकामागून एक माणसं उतरली आणि पाच जण गेले. ती बातमी टीव्हीवर लागली तेव्हा आईने टीव्ही बंद केला नाही, आवाजही कमी केला नाही, नुसती बघत राहिली. दोन दिवस जेवली नाही.

पैसे दिले तर मी त्याला विहिरीत उतरवल्यासारखं. नाही दिले तर? तो अठरा हजारांचा जुना घेणार आणि उतरणारच. मी त्याला ओळखते. हे गणित कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही.

जानेवारीत तो दोन दिवसांसाठी आला. मी त्याला म्हटलं, बोलण्याआधी आपण माझ्या वर्गासाठी एक प्रयोग करू. पीव्हीसी पाईपचा तीस सेंटिमीटरचा तुकडा घेतला, एका टोकाला टोपी घट्ट चिकटवली. आत खडू फासलेली पट्टी बसवली. उघडं तोंड खाली करून, दगड बांधून, दोराने विहिरीत सोडायचा. मुख्याध्यापकांना विचारून बारा मुलं नेली, शाळेजवळच्याच वस्तीवर. मुलं कठड्यापासून लांब, ओळीत बसलेली. दोर धाकट्याच्या आणि विहिरीच्या मालकांच्या हातात. पाणी अठरा फूट होतं. नळी तळाला टेकवली आणि वर ओढली. पट्टीवरचा खडू खालून अकरा सेंटिमीटरच्या आसपास भिजला होता. हिशोबाने साडेदहा यायला हवं, ओल थोडी वर चढली असणार. म्हणजे अठरा फुटांवर हवा आकसून जवळपास दोन-तृतीयांशच उरली होती. मुलांनी पट्टी हातोहात फिरवली. एक जण म्हणाला, "मॅडम, हवा भ्यायली!" मी ते खोडलं नाही.

शिक्षकांनी हा प्रयोग जरूर करावा, फक्त विहिरीऐवजी पाण्याची उंच टाकी मिळाली तर जास्त बरं, आणि मुलांनी नव्हे, मोठ्यांनी करावा.

मग धाकट्याने स्वतःहून मुलांना एक गोष्ट सांगितली, जी मलाही माहीत नव्हती. विहिरीत बुडी मारणारा वरून छाती भरून हवा नेतो. खाली ती आकसते, वर येताना पुन्हा होती तेवढी होते. काही बिघडत नाही. पण सिलिंडरवर श्वास घेणारा खालीच, खालच्या दाबाची हवा छातीत भरतो. दहा मीटरवर छाती भरून श्वास घेतला आणि तो रोखून वर आला, तर तीच हवा दुप्पट व्हायला बघते. फुप्फुसं फाटू शकतात. म्हणून स्कूबाचा पहिला नियम, श्वास कधीही रोखायचा नाही. "मला हेच शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागला," तो म्हणाला. "लहानपणापासून एकच सवय, पाण्यात गेलं की श्वास धरायचा. ती मोडावी लागली."

मुलांनी मग त्याच्याकडून हवेचं गणितही करून घेतलं. अकरा लिटरच्या सिलिंडरमध्ये दोनशे बार, म्हणजे दोन हजार दोनशे लिटर हवा. पन्नास बार राखून ठेवायचे, उरले एक हजार सहाशे पन्नास लिटर. वर मिनिटाला पंधरा लिटर लागत असतील तर दहा मीटरवर तीस. भागाकार करा. पंचावन्न मिनिटं. चौथीच्या मुलांनी एवढ्या आवडीने केलेला भागाकार मी पहिल्यांदाच बघितला.

संध्याकाळी ओट्यावर बसून बोललो. भांडलो नाही, हे विशेष. तो म्हणाला, "ताई, मामा गेले ते हवा नव्हती म्हणून. माझ्याकडे हवा असणार आहे." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. सिलिंडरची हवा त्याची स्वतःची, विहिरीतली हवा कशीही असो. पण मी म्हटलं, तू पाण्यातून वर आलास की सवयीने पहिलं काय करशील? रेग्युलेटर तोंडातून काढशील. समुद्रात ते चालतं, वर आकाश असतं. विहिरीत पाण्याच्या वर चाळीस फुटांचा हौद असतो, आणि मामांना जी हवा लागली ती पाण्यात नव्हतीच, तिथेच होती. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे खरंय. हे मी धरलंच नव्हतं."

मी म्हटलं, शिवाय तिथे दिसत काहीच नाही. केबल, दोर, जुने पाईप, कठड्याचे सुटलेले दगड. आणि करंट. समुद्रात करंट म्हणजे पाण्याचा ओढ, आपल्याकडे करंट म्हणजे डीपी. अशा पाण्यात उतरायचं शिक्षणच वेगळं असतं हे तोच मला एकदा म्हणाला होता.

शेवटी ठरलं ते असं. रेग्युलेटर डायफ्रॅमचा, बॅलन्स्ड, योकचा, बाहेरच्या पडद्यासकट. म्हणजे मी वर्गात शिकवते तो निकाल बाजूला ठेवून त्याला हवा तो. मालवणसाठी पिस्टन पुरला असता असं माझं अजूनही मत आहे. पण तो जिथे जाऊ नये असं मला वाटतं, तिथे गेलाच तर चांगला असावा म्हणून मी सात हजार जास्त मोजले. कंपनी अशी बघितली की जिचे सुटे भाग आणि सर्व्हिसिंग देशात मिळतं. नाहीतर वर्षातून एकदा यंत्र परदेशात पाठवायचं, आणि ते न परवडल्यामुळे पाठवायचंच नाही, असं होतं म्हणे. राखीव पिवळा दुसरा टप्पा आणि दाब दाखवणारा काटा सेटमध्येच. त्याने कबूल केलं की ते शिक्षण घेतल्याशिवाय विहिरीत उतरणार नाही. घेतल्यावरही वर दोर धरणारा आणि सगळं सामान घातलेला दुसरा माणूस असल्याशिवाय नाही, डीपीवरून फ्यूज काढून खिशात घातल्याशिवाय नाही, आणि कठड्याबाहेर येईपर्यंत तोंडातून काढणार नाही. त्याचं "हो" मी दहावीपासून ओळखते, म्हणून कागदावर लिहून घेतलं. पैसे मी भिशीतले दिले. फ्रिजचे होते.

मे महिन्याच्या शेवटी मालवणचं काम थांबलं आणि तो सेट घेऊन घरी आला. आईला काही सांगितलेलं नव्हतं, पण तिला माहीत नाही असं आमच्या घरात काही राहत नाही. त्याने पिशवीतून रेग्युलेटर काढून ओसरीवर ठेवला. तिने लांबूनच विचारलं, "हवा संपत आली की ह्याला कुकरसारखी शिट्टी होते का?" त्याने काटा दाखवला, पन्नासपासून खालचा लाल भाग दाखवला. शिट्टी नाही, आपणच बघत राहायचं. तिला ते पसंत पडलं नाही.

"मीठ लागलंय का ह्याला?" तिने विचारलं. तिकडे धुतलाय, तो म्हणाला, पण पुन्हा धुतला तर बरंच. ती आत गेली, तांब्याभर पाणी घेऊन आली आणि ओतायला वाकली. तो ओरडला, "थांब, आधी टोपी लावू दे! आत पाणी जाता कामा नये." त्याने सिलिंडरला जोडायच्या तोंडावरची काळी टोपी पुसून, कोरडी करून घट्ट बसवली.

"लाव," ती म्हणाली, आणि तांब्या हातात धरून उभी राहिली.